वरातीतली मयताची धून

शाळेतल्या मास्तरांना आठवीत सोडून परभणीहून पेणला आलो, तर बँडमध्ये हे मास्तर भेटले. क्लॅरिनेट वाजवतात, पण तोंडातलं पान थुंकल्याशिवाय फुंकत नाहीत. मी खुळखुळा हलवतो आणि त्यांच्याच पडवीत झोपतो.

संगीताला बक्षीस मिळालेल्या एका सिनेमाची सगळी गाणी त्यांनी मोबाइलवर ऐकून बसवली. सिनेमा पाहिलाच नाही. मी भीतभीत सांगितलं, "मास्तर, ही धून हिरो मरतो तेव्हाची आहे."

"हिरो मेला, धून मेली नाय. तू खुळखुळा हलव, डोकं नको."

जवळच्या जोहे गावातल्या एका वरातीत नवऱ्याच्या मामाने ती ओळखलीच. "लग्नात मयताचं वाजवता? निघा इथून!" माझा हात थांबला. सुपारी मोडली तर परभणीची पहिली गाडी मलाच.

मास्तरांनी बाजूला पान थुंकलं आणि तीच धून दुप्पट चालीत उचलली. वरात उड्या मारायला लागली, शेवटी मामासुद्धा.

परतताना मी तिसऱ्यांदा विचारलं, सुपारीचे पैसे नक्की मिळाले ना. मास्तर म्हणाले, "घाबरतो काय रे, परभणी? तुझ्या मयताला हळू वाजवीन."

घरापासून इतक्या लांब माझा एवढा पुढचा विचार कुणी केला नव्हता.