पाचव्या डावातला फोन

डोलोरेस ह्रुस्का आमच्या बेसबॉल मैदानाच्या तीन नंबरच्या दारात स्कोअरकार्ड विकते. वय चौऱ्याहत्तर, पण टोक न केलेली पेन्सिल कुणाच्या हातात देणार नाही. मैदानावरचं हॉटडॉग तिला चालत नाही. घरून राय धान्याचा काळपट पाव आणि बीटाचं लोणचं आणते, आणि खाता खाता प्रत्येक चेंडू स्वतःच्या कार्डावर मांडते. त्याच दारात तिकिटं फाडणारा मी, लाईल वोंड्रा. तिचा नवरा गस आमच्या बार्जमेन संघात चेंडू टाकायचा. मी त्याच संघातला राखीव खेळाडू, जन्मभर बाकावर बसलेला.

यंदा मालकांनी मोठा पडदा बसवला. दोन डावांच्या मध्ये त्यावर संघाच्या गमतीजमती झळकतात. कोण एका बैठकीत किती पॅनकेक खायचा, कुणाच्या बुटात बेडूक सापडला, असला सगळा आचरटपणा. लोक पॉपकॉर्न चघळत खिदळतात. किळस येते मला. मे महिन्यात नवी गंमत आली: 'मुलगी झाली त्याच दुपारी गसनं समोरच्यांना एकही फटका मारू दिला नाही. बापाची भेट!' खाली गुलाबी फुगे.

ती मुलगी चाळीस मिनिटं जगली. दवाखाना मैदानापासून सात मिनिटांवर, आणि फोन पाचव्या डावातच आला होता. पण चेंडू टाकणारा असा रंगात आला की त्याच्याशी कुणी अवाक्षर बोलायचं नाही, नाहीतर दृष्ट लागते, हा आमचा नेम. सगळे बाकाच्या दुसऱ्या टोकाला सरकून बसले होते. गसला निरोप मिळाला तो नवव्या, शेवटच्या डावानंतर, त्याला खांद्यावर घेऊन नाचून झाल्यावर. एकावन्न वर्षं झाली या गोष्टीला.

डोलोरेस प्रसिद्धीचं काम बघणाऱ्या केंड्राकडे दोनदा जाऊन आली. तिसऱ्यांदा मीही गेलो.

"आजी, लोकांना सगळ्यात जास्त तीच गंमत आवडते हो," केंड्रा म्हणाली. "आणि फोन आधी आला होता, हे कशावरून? जुन्या बातमीत तर तसं काही नाही."

"बातमीचं मला नको सांगूस. माझं लेकरू होतं ते. काढून टाक."

"कुणी सांगणारं आहे का पण?"

मला स्वतःचीच शिसारी आली.

"मी आहे," मी म्हणालो. "फोन मी घेतला होता. 'लगेच पाठवा' म्हणाली नर्स. मी ठेवला फोन, आणि गप्प बसलो."

केंड्रानं संगणकाच्या दोन-तीन कळा दाबल्या. गंमत गेली.

बाहेर जिन्यापाशी डोलोरेस थांबली.

"माहीत होतं मला. फोन तू घेतलास, हे गस मरण्याआधी सांगून गेला. सहा वर्षं तुझ्या शेजारी उभी राहतेय, हा आज बोलेल, उद्या बोलेल म्हणून."

"डोलोरेस, मी..."

"आणि बोललास ते त्या केंड्राशी."