गाळलेली ओळ

सिस्टरबाईंना ऑपरेशनआधीच्या संमतीची सही घ्यायला पाठवलं, की तरुण डॉक्टर कपाळाला हात लावायचे. पाच मिनिटांचं काम, आणि बाई अर्धा तास खाणार! पेशंटने पेन मागितलं, तर बाई ते पाठीमागे धरून विचारायच्या, "आधी मला सांगा, उद्या तुमचं काय काढणार आहेत?" नुसतं हो-हो केलेलं चालायचं नाही. "मान नंदीबैलही हलवतो. तोंडाने बोला!"

बाई आधीपासून अशा नव्हत्या बरं का. त्याही चारचौघींसारख्या "इथे, इथे आणि इथे" म्हणत सह्या गोळा करायच्या. मग वॉर्डात कंडक्टरसाहेब आले.

तीस वर्षं बसमध्ये ओरडून कमावलेला खणखणीत आवाज घशातल्या गाठीने पार बसला होता. पण बोलायची हौस दांडगी! झाडूवाल्या मावशी आल्या, की "चला, पुढे सरका, मागे जागा आहे!" म्हणून त्यांना वाट करून द्यायचे. रोज संध्याकाळी परगावच्या नातीचा फोन यायचा. तिला आपल्या बसचे सगळे स्टॉप ओळीने म्हणून दाखवायचे आणि शेवटचा स्टॉप तिचं घर. फोन स्पीकरवर असायचा; ती खिदळायची, ते वॉर्डभर ऐकू यायचं.

गाठीबरोबर स्वरयंत्रही काढावं लागणार, हे डॉक्टरांनी त्यांच्या बायकोला सांगितलं, आणि बाईंना म्हणाले, "पेशंटला नीट समजावून सही घ्या." बायकोने व्हरांड्यात बाईंचे हात धरले. "ताई, पाया पडते, आवाजाचं तेवढं बोलू नका. ऐकलं तर ते ऑपरेशनच करू देणार नाहीत. जीव तरी वाचू दे." बाई हो म्हणाल्या.

कंडक्टरसाहेबांचा चष्मा घरी राहिला होता. "तुम्हीच वाचा," म्हणाले. बाईंनी वाचलं. गाठ, भूल, रक्त, टाके, सगळं वाचलं. एक ओळ गाळली.

"तुम्ही आहात म्हटल्यावर काय बघायचं!" म्हणत त्यांनी झोकात सही ठोकली. त्या संध्याकाळी घसा फार दुखत होता. नातीचा फोन आला तो त्यांनी बायकोकडे दिला. "तिला सांग, आता मोकळ्या घशानेच बोलेन." बाई शेजारीच उशीचा अभ्रा बदलत होत्या. अभ्रा चढवून त्या पुढच्या पलंगाकडे गेल्या. अगं बाई, तेव्हाच बोलायचं होतंस!

ऑपरेशन छान झालं. आवाज परत येईल म्हणून साहेब तोवर वहीत लिहून बोलत होते. चौथ्या दिवशी बायकोने त्यांना रडत रडत सगळं सांगितलं. आता हे आपल्यावर आग पाखडणार, अशा तयारीने बाई पलंगाशी उभ्या राहिल्या. साहेबांनी वही ओढली, सावकाश लिहिलं आणि त्यांच्यापुढे धरलं.

"ऑपरेशनला नाही म्हटलं नसतं. पण त्या संध्याकाळी फोन मी घेतला असता."

बाईंना रडू आवरेना. तेवढ्यात नेहमीच्या वेळेला फोन वाजला. "आजोबा, घसा बरा झाला ना? स्टॉप म्हणा!"

साहेबांनी फोन बाईंच्या हातात दिला. रोज ऐकून बाईंना सगळे स्टॉप पाठ झाले होते. त्यांनी डोळे पुसले आणि पहिल्यापासून म्हणायला सुरुवात केली. तिसऱ्या स्टॉपवर पोरीने त्यांना थांबवलं.

"तुम्ही नको. आजोबांना द्या ना."