उताराची वाट

कोंडाबाईनं फिरायचं म्हणून पाऊल कधी उचललं नव्हतं. पाऊल उचलायचं ते पाण्याला, सरपणाला, नाहीतर नात्यात कुणी गेलं म्हणून. अमळनेरकडून नवऱ्यामागं खडोलीच्या चाळीत आली, तरी तेच. आणि अशा बाईवर फिरायची वाट निवडायची वेळ आली!

नवरा झुंबर सुताच्या कंपनीत मशीनवर. वर्षानुवर्षं छातीत कापसाची धूळ जाऊन जिना चढला की त्याचा लोहाराचा भाता व्हायचा. हे फक्त नवराबायकोलाच ठाऊक. कारण शेजारच्या मशीनवरच्या खोकणाऱ्या नथूला ठेकेदारानं नुकतंच घरी बसवलं होतं, आणि या वयात दुसऱ्या कंपनीच्या दारात कोण उभं करतं?

त्यात ठेकेदार मंगेशशेठनं कामगारांची बायकांसकट सहल काढली. नाशिककडं उंच घाटमाथ्यावर वनखात्याचं उद्यान, त्यात ही खोल घळ. वाटा दोन. कड्यावरची वाट आधी पायऱ्या चढून जाणारी, घळीतली सगळी उताराची. जो येणार नाही त्याला शेठ विचारणार, "क्यूं, तबियत ढिली है क्या?" म्हणजे जाणं भागच.

"आपण उताराची धरू," कोंडाबाई म्हणाली. "उतरायला कुठं दम लागतो?"

"तुला डोकं आहे, कोंडे." इतक्या वर्षांच्या संसारात हे पहिल्यांदाच.

सपाट मुलखातली माणसं ती. त्यांच्या लेखी डोंगर आधी चढायचा, मग उतरायचा, उतरलं की घर. घळ म्हणजे उलटा डोंगर, हे त्यांना कोण सांगणार? झुंबर गुणगुणतच खाली पोचला. गार सावलीत डबे उघडले.

"शेठ, गाडी इथं कधी येते?" कोंडाबाईनं विचारलं.

सगळे हसले. "मावशी, गाडी वरतीच! उतरलो तसंच चढायचं."

तिनं मान वर केली. आभाळ लुगड्याच्या काठाएवढं दिसत होतं. झुंबरच्या हातातला घास हातातच राहिला.

चढ लागला. पहिल्याच वळणावर नवऱ्याच्या छातीतली शिट्टी तिला ऐकू आली. काय करावं? तिनं बसकण मारली. "अगं माय! पाय मुरगळला!" आपण असं ठायीठायी बसलो की यांना श्वास मिळेल. लोक नाटकी म्हणतील, म्हणोत बापडे.

शेठ मागं आला. "झुंबरभाऊ, बघता काय? घ्या पाठुंगळी! सुताच्या पेट्या उचलता, ही तर चिमणी."

"उचल भो!" बाकीचे ओरडले. "वरातीत उचलली नसशील!"

आणि तो येडा खरंच पाठ करून तिच्यापुढं उकिडवा बसला. ओठ जांभळे पडलेले, मानेच्या शिरा तटतटलेल्या. "बस," म्हणाला. एवढ्यालाही त्याला दोनदा श्वास घ्यावा लागला.

कोंडाबाई ताडकन उभी राहिली, चांगली दोन्ही पायांवर.

"शेठ, पाय माझा धड आहे. छाती यांची गेलीय. उचलायचं तर यांना उचला."

"गप, कोंडे... गप..." झुंबरचं पुढचं बोलणं खोकल्यात गेलं.

गड्यांनी आळीपाळीनं त्याला वर आणलं. शेठ मागून त्याच्या छातीची शिट्टी ऐकत चढला, आणि नथूनंतर आता कुणाची पाळी हे सगळ्यांना कळत होतं.

गाडीत झुंबरनं खिडकीकडं तोंड फिरवलं. "खाल्लीस माझी नोकरी."

"खाल्ली," कोंडाबाई म्हणाली. त्याच्या छातीवर हात ठेवून, श्वास चालतोय ना, एवढंच ती खडोली येईपर्यंत बघत राहिली.