माझं नाक आणि साडूंचा अंदाज

सासऱ्यांचा लाडका जावई व्हायला रूप लागत नाही, सोनं लागत नाही, एक लॅपटॉप पुरतो, हे अख्ख्या परभणी जिल्ह्याला माझ्या धाकट्या साडूंनी दाखवून दिलं. कुठल्याही रसायनाची रचना लॅपटॉपमध्ये भरायची आणि ते माणसाला कितपत विषारी ठरेल याचा अंदाज काढायचा, ही त्यांची नोकरी. उंदीर मारायचा नाही, मासा मारायचा नाही, बाटलीचं बूचसुद्धा उघडायचं नाही! मी जिंतूरला पंचवीस वर्षं रसायनशास्त्र शिकवतोय, अ‍ॅसिडपायी दोन शर्ट आणि एक भुवई गमावून बसलोय. पण धोंड्याच्या जेवणाला मानाचा पाट त्यांचा. जळफळाट होणार नाही तर काय? त्यात गृहस्थ खात्रीनं काही बोलतील तर शपथ. सासूबाईंनी आमटी खारट झाली का विचारलं, तर न चाखताच म्हणणार, "मीठ किती टाकलं त्यावरून साठ टक्के शक्यता हाय." सगळे कौतुकानं हसतात. मी खारट म्हटलं की बायको डोळे वटारते.

माझी सगळी भिस्त नाकावर. वास उग्र तर औषध जालीम, असं आमच्याकडे शेतकऱ्यापासून दुकानदारापर्यंत सगळेच मानतात. त्या अधिक महिन्यात आम्ही दोघे जावई मानवतला सासुरवाडीला होतो, आणि मेव्हण्यानं कापसावर फवारायला नवीन औषध आणलं. लेबल अर्धं फाटलेलं, जेमतेम रसायनाचं नाव शिल्लक; ते साडूंनी जेवता जेवता लॅपटॉपमध्ये घातलं. मी हुंगलं. वासच नाही. "काही होत न्हाई, कालव हातानं," मी ऐटीत सांगितलं. त्यानं बाह्या सारल्या. तेवढ्यात पुरणाच्या हातानं लॅपटॉप सांभाळत साडू धावत आले.

"थांबा! कातडीतून आंगात भिनायची लय शक्यता दाखवायलाय हे. हातमोज्याबिगर शिवू नका."

"खात्री हाय का?" मी चिडून विचारलं.

"न्हाई दादा. माझा अंदाज चुकला तर हातमोजे वाया जातील. तुमचा चुकला तर..." आणि त्यांनी मेव्हण्याच्या उघड्या हातांकडे बघितलं.

गलका ऐकून सासरे आले, काय झालं म्हणाले. मी तोंड उघडायच्या आत साडू बोलले, "दादांनी वेळेवर थांबवलं ह्याला. हातानं कालवायला निघाला होता."

सासऱ्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. इतक्या वर्षांत पहिलीच. खरं काय ते मी सांगितलं नाही, अजूनही सांगितलेलं नाही. साडूंनीही तो विषय पुन्हा काढला नाही. त्यांचा हेवा मला आजही वाटतो, पूर्वीपेक्षा जास्तच.