पदरचे क्रियापद

बँकेने सुरतेला बदली केली तेव्हा माझ्या निवृत्तीला तीन वर्षे उरली होती. कतारगामच्या शाखेत सगळे माझ्याशी अदबीने हिंदीत बोलत आणि आपापसांत गुजरातीत हसत. त्यात त्यांचा दोष नव्हता; इतरांच्या बोलण्यात शिरावे कसे, हे मला उभ्या आयुष्यात जमलेले नाही. सुट्टीचा दिवस खोलीत सरेना, म्हणून मी प्राणिसंग्रहालयात जाऊ लागलो. तिथे एकट्या माणसाकडे कोणी वळून पाहत नाही. सगळ्यांना वाघ पाहायचा असतो.

मी कासवांच्या कठड्याशी थांबत असे. तिथला कीपर लिंबायतला राहणारा. आईवडील धुळ्याकडून यंत्रमागावर कामाला आलेले, हा मात्र सुरतेतच वाढलेला. मी मराठी आहे हे कळल्यापासून तो माझ्याशी घरच्यासारखा अहिराणीत बोले.

"या साहेब, डोशी कव्हयनी वाट देखी ऱ्हायनी."

डोशी म्हणजे गुजरातीत म्हातारी. पाठीवर पिवळ्या चांदण्यांची नक्षी आणि कवचाच्या कडेचा टवका उडालेला, असे ते कासव होते.

"बँकमा तुमनासंगे कोणी बोलत नही का?" त्याने एकदा विचारले.

"बोलतात ना," मी हळूच म्हणालो.

"मंग इतलं हयू काबर बोलतस? आठे कासव बी घाबरत नही."

त्याला सांगण्यासारखे काही ना काही मी आठवडाभर जपून ठेवू लागलो.

त्या शनिवारी बँकेला सुट्टी होती. डोशी कोपऱ्यात नाक खुपसून बसली होती, पाल्याला तिने तोंड लावले नव्हते.

"डॉक्टरांना दाखवलंत?" मी विचारले.

तो बादली उचलून निघालाच होता. "काले," एवढे म्हणून गेला.

काल दाखवले, तर काळजी नाही, असे समजून मी निश्चिंत परतलो.

रविवारी कठड्याभोवती माणसे जमली होती. आजारी डोशीला त्याने खोक्यात घालून चाऱ्याच्या खोलीत वेगळे ठेवले होते. सकाळी पाहतात तो खोलीचे कुलूप तुटलेले आणि खोके गायब. कीपर प्राणिसंग्रहालयाच्या साहेबांना हिंदीत सांगत होता, की कासव आजारी होते, आज डॉक्टर तपासणार होते. मला पाहताच त्याचा चेहरा उजळला. "ये साहब थे कल. इन्हीं से पूछिए."

"इसने आपसे डॉक्टर की कोई बात की थी?" साहेबांनी विचारले.

इतक्या लोकांसमोर मला कोणी काही विचारत नाही. उत्तर अचूक असावे, एवढीच माझी धडपड होती. "जी. बताया था कि शुक्रवार को डॉक्टर देखकर गए."

डॉक्टर तिथेच उभे होते. त्यांनी नकारार्थी मान हलवली. "शुक्रवारे तो हुं आव्यो ज नथी."

"मी कव्हय म्हनं असं?" तो माझ्याकडे वळून म्हणाला.

"तुम्हीच म्हणालात," मी पुटपुटलो.

मग आजारपणही डोशीला वेगळे काढण्यासाठी रचलेलेच असणार, असे साहेबांनी ठरवले. चौकशी होईपर्यंत त्याला घरी बसायला सांगितले; चोरी अंगाला चिकटली तर नोकरी जाणार होती.

मंगळवारी शाखेत शिपाई म्हणाला, "साहेब, नवां फॉर्म काले आवशे."

"कल आनेवाले थे, तो कहाँ हैं?"

शेजारच्या टेबलावरच्या बाई हसल्या. "साहेब, हमारा काले दोनों तरफ चलता है. गया हुआ भी, आनेवाला भी."

मला शनिवारचे 'काले' आठवले. कीपर अहिराणीत बोलतो म्हणून त्याचा प्रत्येक शब्द मी मराठीच धरला होता. त्याने उच्चारला होता एकच शब्द, गुजराती, आणि तो उद्याचा होता. 'देखकर गए' हे क्रियापद मी पदरचे घातले होते.

आपणहून कोणा अधिकाऱ्याकडे जाण्याची मला सवय नाही. रात्री अर्ज तीनदा लिहून काढला आणि बुधवारी दुपारच्या सुट्टीत रिक्षाने प्राणिसंग्रहालयात गेलो.

साहेबांनी कागद उलटसुलट केले. "एक शब्द के लिए दो पन्ने? मुँह से बोलिए."

बोललो. अडखळत, पण शेवटपर्यंत. त्यांनी डॉक्टरांना फोन लावला. रविवारी तपासायला या, असा कीपरचा निरोप त्यांना शनिवारी मिळालाच होता; त्या गर्दीत ते कोणी विचारले नव्हते. दोन दिवसांत तो कामावर परतला. डोशी काही मिळाली नाही.

पुढच्या रविवारी तो कठड्याच्या आत झाडू मारत होता.

"चूक माझी होती," मी म्हणालो. शक्य तितके मोठ्याने.

"कोई बात नहीं, साहब. हो जाता है."

काही तरी बोलायचे म्हणून मी विचारले, नवी कासवे कधी आणणार?

"कल," तो म्हणाला. मग झाडू थांबवून माझ्याकडे नीट पाहिले. "आनेवाला कल. सोमवार को लाएँगे."

निवृत्त होईपर्यंत मी जात राहिलो. तो माझ्याशी हिंदीतच बोलत राहिला, पूर्ण वाक्यांत.