न पिणाऱ्याची चाल

रिपोर्ट सांगण्याआधी नागपूरच्या डॉक्टरांनी टेबलावरचा कागदी रुमालांचा डबा हळूच माझ्याकडे सरकवला. मला वाटलं, माझ्या नाकाला काही लागलंय. मी एक रुमाल काढून नाक पुसलं आणि घडी करून खिशात ठेवला. मग त्यांनी सांगितलं. लहान मेंदू हळूहळू झिजत चाललाय. तोल त्यामुळेच जातो, जीभही त्यामुळेच जडावते. बरा होणारा आजार नाही, आणि आनुवंशिक आहे.

"म्हणजे बापाकडून येतो?"

"वडिलांकडून किंवा आईकडून. वडील कसे चालायचे?"

मी उठून वडील चालून दाखवले. दारापर्यंत गेलो, वजनकाट्याला धडकलो, परत आलो.

"हे तुम्ही मुद्दाम करताय, की होतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"सर, तेच तर आजवर कोणाला कळलं नाही," मी म्हटलं आणि मला हसू फुटलं. थांबेचना. डॉक्टरांनी पाण्याचा ग्लास दिला, घरचं कोणी सोबत आहे का विचारलं. त्यांना वाटलं, धक्का बसला. धक्का नव्हता, पण ते काय होतं हे सांगायला त्यांच्या बाहेरच्या रांगेतले सगळे पेशंट उपाशी राहिले असते.

आमचं गाव वडशाच्या पलीकडे, एका बाजूला धानाच्या बांध्या, दुसऱ्या बाजूला जंगल. जिल्ह्यात दारूबंदी आहे. कागदावर सरकारची, गावात माझ्या आईची. ती महिला मंडळाची अध्यक्ष होती. संशयित समोर आला की "हा कर" म्हणायची आणि तोंडाचा वास घ्यायची. मोहाची दारू कोणाच्या भट्टीची, तेही ओळखायची म्हणतात. आणि अशा बाईचा नवरा भर दुपारी बांधावरून झुलत यायचा आणि चिखलात बसायचा. आई वास घ्यायची. वास येत नसे. यावरून तिनं काढलेला निष्कर्ष असा, की हा माणूस वास मारायला पेरूचा पाला चावून येतो. परसातलं पेरूचं झाड तोडलं गेलं. वडील तरीही झुलतच राहिले. शेवटी तिनं भर ग्रामसभेत त्यांच्याकडून लिहून घेतलं, याच्या पुढे पिणार नाही.

"याच्या पुढं?" वडील म्हणाले. "अवो, मी तं याच्या मांगंही पेलो नाई."

सभा पोट धरून हसली. मीही हसलो. त्यांनी सही केली, तर ती सहीही हलली. आणखी एक पुरावा.

माझा गुन्हा याहून मोठा. आमच्या या झाडीपट्टीत दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम असतो. गावच्या नाटकात मला दारुड्याची भूमिका मिळाली आणि मी वडिलांची चाल जशीच्या तशी उचलली. टाळ्या, शिट्ट्या, हारतुरे. पुढे मला दारुड्याशिवाय दुसरं काही मिळालं नाही, आणि पस्तिशीनंतर तर मला काही करावंच लागेना. नुसता विंगेतून निघालो की लोक हसायचे. मी याला साधना म्हणायचो. नव्या नटांना तालमीत शिकवायचो, "नशा पायात नसते रे, पोटात असते." मूल गावी मुलगी पाहायला गेलो तेव्हा पोह्यांच्या बशीसकट खुर्चीवरून घसरलो. मुलीचे वडील म्हणाले, "कलाकार दिसते." सोयरीक तिथंच आटोपली. अशा चार आटोपल्या. भूमिका अंगात मुरली, असं मी मित्रांना अभिमानानं सांगायचो. माझ्या एकुलत्या एका कलेचं नाव आजार आहे, हे मला त्या दिवशी नागपुरात कळलं.

माझ्या पहिल्या प्रयोगाला वडील पुढच्या रांगेत होते. सगळ्यांत जास्त तेच हसले. दुसऱ्या दिवशी अंगणात म्हणाले, "हुबेहूब माह्यासारखा चालला रे. पण मी तं कदी पेलो नाई. मंग तू पेणाऱ्याचं म्हणून हे काऊन करून राह्यला?"

मी म्हटलं, "बाबा, आता घरात तरी खरं बोला."

त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

तर दवाखान्यातून निघालो तो, बाबा खरंच बोलत होते या आनंदात, थेट मिठाईच्या दुकानात. किलोभर संत्रा बर्फी घेतली आणि बसमध्ये वाटत सुटलो. कंडक्टरनं तोंडात टाकता टाकता विचारलं, "पोरगं झालं का भाऊ?"

"नाही. आजार निघाला."

"कोनाले?"

"मला. बाबांनाही होता. ते वारले."

त्याला ती बर्फी गिळता येईना, थुंकता येईना. पुढच्या स्टॉपपर्यंत तो गाल फुगवून तिकिटं फाडत राहिला.

नागभीडच्या पुढे जंगल लागलं आणि माझं हसू ओसरलं. वडिलांची शेवटची दोन वर्षं आठवली. घास अडकायचा, पाणी नाकातून यायचं, आणि आम्ही आपसांत म्हणायचो, लिव्हर गेलं. आता त्याच वाटेनं मलाही जायचं होतं. डब्यात चार वड्या उरल्या होत्या. दोन मी खाल्ल्या.

आईला रिपोर्ट समजावून सांगितला. तिनं कागदाची नीट घडी करून तो मला परत दिला. मग म्हणाली, "म्हंजे वास नव्हताच."

"नव्हता."

"मले येतच नव्हता ना रे. साऱ्या गावाच्या तोंडाचा भरोसा मी या नाकावर केला, अन् घरच्याच माणसाच्या येळी नाकाले खोटं पाडलं." मग माझा हात धरला. "आन् तुले?"

"तेच."

"मी तं तुलेही दोनदा झोपेत हुंगलं," ती म्हणाली, आणि आम्ही दोघं हसत सुटलो. डोळे पुसले ते तिनं पदरानं, मी दवाखान्यातल्या रुमालानं. मग म्हणाली, "परवा ग्रामसभा हाये. चाल."

ग्रामसभेत तिनं जुनं रजिस्टर काढायला लावलं. ग्रामसेवक नवा, समजूतदार. म्हणाला, "बाई, मेलेल्या माणसाचा लिहून दिलेला शब्द रद्द करायची तरतूद नाई."

"रद्द नोको करू. त्याच्या खाली लिव. याच्या मांगंही पेला नव्हता. अध्यक्षीणबाईची चूक होती."

सभेत या वेळी कोणी हसलं नाही. जुनी माणसं खाली पाहत होती. ग्रामसेवकानं लिहिलं. आईनं सावकाश, एकेक अक्षर लावून सही केली. मग साक्षीदार म्हणून मला बोलावलं. मी बाकांना धरत, दोन जणांच्या पायांवर पाय देत पुढे गेलो आणि वडिलांच्या सहीखाली माझी केली. दोन्ही सारख्याच हललेल्या.

ग्रामसेवकानं सह्या पाहिल्या. माझ्याकडे पाहिलं. मग जरा वाकून, कोणाला दिसणार नाही अशा बेतानं, नाक पुढे केलं.

"घे, घे," आई म्हणाली. "पण जे येईल ना, त्याच्यावर भरोसा ठेवजो."