‘बघून ये’ म्हणणारे ठाकूर गुरुजी

ठाकूर गुरुजींनी शाळेत आम्हाला कधी ‘बरोबर’ म्हटलं नाही. ‘चूक’ पण नाही. तुम्ही काहीही उत्तर द्या, ते नाकावरचा चष्मा कपाळावर ढकलायचे आणि म्हणायचे, “बघून ये.” बस्स! मग तुम्ही उठायचं, पायऱ्या उतरायच्या आणि खरंच बघून यायचं. असा मास्तर तुम्हाला भेटलाय कधी? मला नंतर ट्रेनिंग कॉलेजातसुद्धा एक भेटला नाही, म्हणून तर हे लिहायला बसलेय. सगळं एकदम सांगावंसं वाटतंय, पण क्रमानं सांगते.

आमची शाळा म्हणजे कोळीवाड्याच्या टोकाला दोन खोल्या आणि एक ओटी. बोर्लीच्या बाजारापासून चालत यायचं, वाटेत नारळी-पोफळीच्या वाड्या लागायच्या, त्या संपल्या की वाळवत घातलेल्या जवळ्याचा, त्या बारक्या कोळंबीचा वास यायचा. तो वास आला की शाळा आली. गुरुजी मूळचे उरणकडचे, मिठागरवाल्या आगरी घरातले. स्वातंत्र्य मिळालं त्याच्या आसपास ते आमच्याकडे बदलून आले आणि आल्या आल्या त्यांनी शाळेची वेळच उलटीपालटी केली. कारण काय, तर होड्या लागल्या की पोरं पळायची. बापाचे मासे उतरवायला, आयशीबरोबर बोंबील टांगायला. आधीचे मास्तर छडी घेऊन किनाऱ्यावर पोरं शोधत फिरायचे. गुरुजींनी ओहोटी-भरती बघून घंटा द्यायला सुरुवात केली. होड्या बाहेर गेल्या की शाळा, लागल्या की सुट्टी. कधी सकाळी उजाडल्या उजाडल्या, कधी दुपारी.

माझा पहिला दिवस मला पक्का आठवतो. मी पहिलीत, नाक गळतंय, आणि गुरुजींनी विचारलं, “काय गो बाय, ओहोटीला पाणी कुठं जातं?”

मी ठसक्यात सांगितलं, “मुंबैला! माज्या बापासारं.”

अख्खी शाळा हसली. आमच्याकडे निम्म्या पोरांचे बाप आगबोटीत बसून मुंबईला गोदीत जायचे आणि शिमग्याला परत यायचे, म्हणजे माझं काही अगदीच चुकलं नव्हतं! गुरुजी मात्र हसले नाहीत. चष्मा कपाळावर गेला. “असंल. बघून ये.”

आणि मी गेले की! ओल्या वाळूतून पाण्याच्या मागे मागे चालत राहिले, पाणी पुढे, मी मागे, शेवटी आमच्या शेजारची हिरा मला ओढून घेऊन आली. ती माझ्यापेक्षा एक इयत्ता पुढे. वर्गात येऊन मी सांगितलं की पाणी सगळं जात नाही, खड्ड्याखड्ड्यांत थोडं थोडं मागे ठेवून जातं. गुरुजींनी फळ्यावर मोठं खड्ड्यांचं चित्र काढलं आणि म्हणाले, “का ठेवून जातं?” त्या खड्ड्यांवर आमचे कितीतरी दिवस गेले. चिंबोऱ्या, शेवाळ, खारट पाणी उन्हात वाळलं की उरणारं मीठ, सगळं त्या खड्ड्यांतून निघालं. त्यांच्या मिठागराच्या गोष्टी तर काय सांगू!

हिरा म्हणजे गुरुजींच्या वर्गातलं सोनं. तिला बघून आल्यावर गप्प बसताच यायचं नाही. सातवीचा वर्ग आमच्या शाळेला नवा मिळाला होता, हिराच्या आधी चौथीच्या पुढं कुणी गेलंच नव्हतं. सातवीची फायनल पास झालं की तेव्हा मास्तरीण होता यायचं. हिराला मास्तरीण व्हायचं होतं, आमच्याच शाळेत, गुरुजींच्या शेजारच्या खोलीत. तिची आय काय साधी बाई नव्हती. ती ओटीवर येऊन कमरेवर हात ठेवून म्हणाली, “मास्तर, पास झाली तर ती तुमची. न्हाय झाली तर माजी. माजी म्हंजे डोक्यावर टोपली आनि शिमग्यानंतर लगीन. मी एकदाच बोलतंय.”

“होईल गो पास,” गुरुजी म्हणाले. “एवढी हुशार पोर बघितलीस का कुठं?”

“हुशार हाय मला ठावं हाय. पास व्हनार का तेवडं बोला.”

गुरुजी हसले. तेव्हा ते हसायचे.

त्या वर्षी त्यांनी मोठ्या वर्गांना एक काम दिलं होतं. ओटीच्या खांबाला टेकून उभं राहायचं, समोरच्या बेटाकडे बघायचं, आणि सूर्य कुठं बुडतो तिथं कठड्यावर कोळशानं खूण करायची. बेटाच्या उजव्या टोकाकडून सूर्य हळूहळू डावीकडे सरकायला लागला. आम्ही वेडेच झालो! रोज संध्याकाळी भांडणं, खूण कुणी करायची यावरून. हिरानं शोधलं की सूर्य डावीकडे गेला की दिवस आखडतो. ती नाचत सांगत आली, आणि मी विचारलं, “का पण गुरुजी?” तर म्हणाले, “यंदा खुणा. कारण पुढल्या वर्षी. आधी वर्षभर बघू तर द्या डोळ्यांना. घाई कुणाला आहे?”

घाई होती. फायनल होती ना!

परीक्षेचं केंद्र श्रीवर्धनला होतं. गुरुजी सगळ्यांना घेऊन गेले, हिराला तिच्या आयनं नवं लुगडं दिलं होतं. परत आली तेव्हा हिरा किनाऱ्यावरूनच ओरडत आली, “तोच आला! आपला सूर्याचा प्रश्न आला!” प्रश्न होता, दिवस लहानमोठा का होतो, कारण लिहा. हिरानं दोन पानं भरून लिहिलं होतं. बेट, कठडा, उजवं टोक, डावं टोक, थंडीत होड्या लवकर का परततात ते, सगळं. आणि शेवटी लिहिलं, “कारण आम्ही अजून शोधत आहोत.”

मी टाळ्या वाजवल्या. खरंच सांगते, मला वाटलं पहिला नंबर आला.

गुरुजींनी विचारलं, “आणि बाकीचे प्रश्न?”

“वेळ संपली ना गुरुजी,” हिरा म्हणाली. “तुम्हीच बोलता ना, घाई नको म्हणून.”

गुरुजींनी चष्मा काढला, धोतरानं पुसला, घातला, परत काढला.

वीसेक वर्षं त्यांनी मुलं शिकवली, पण सगळी लहान. फायनलला कुणाला बसवायची त्यांची ती पहिलीच वेळ होती. पेपर घड्याळावर लिहायचा असतो हे त्यांनी कुणाला शिकवलंच नाही, कारण त्यांना ते कधी शिकवावंच लागलं नव्हतं. निकाल आणायला ते श्रीवर्धनला गेले आणि वाळूतून चालत परत आले, तेव्हा हिराची आय जवळा उलटत होती. तिनं त्यांच्या चालण्यावरूनच ओळखलं.

“किती पास झाले?” तिनं विचारलं.

“एकपण नाही.”

“बरं,” ती म्हणाली. ओरडली नाही, भांडली नाही, खाली वाकली आणि जवळा उलटायला लागली. गुरुजी तिच्यामागे उभे राहून काय काय बोलत होते. एक वर्ष दे, परत बसवू, मी फी भरतो, चूक पोरीची नाही, माझी आहे. ती वाकूनच म्हणाली, “मास्तर, मी एकदाच बोलले व्हते.”

दुसऱ्या दिवसापासून हिरा टोपली घेऊन बोर्लीच्या बाजाराला जायला लागली.

पावसाळ्याआधी शाळा तपासायला डिपोटीसाहेब आले. चांगला माणूस होता हो, उगाच कशाला खोटं बोलू. त्यांनी कठड्यावरच्या खुणा बघितल्या, आम्हाला प्रश्न विचारले, खूश झाले. जाताना म्हणाले, “ठाकूर, मुलं चुणचुणीत आहेत. पण पेपर मी तपासत नाही. असाच निकाल परत लागला तर सातवी बंद होईल, माझ्या हातात नाही ते.”

आता सातवीत मी होते.

मग काय झालं, ते कसं सांगू. एका सकाळी आम्ही आलो तर गुरुजी ओल्या फडक्यानं कठडा पुसत होते. सगळ्या खुणा. आम्ही उभेच. मी म्हटलं, “गुरुजी, यंदा कारण सांगणार होतात ना?”

“सांगतो,” ते म्हणाले. “बसा. लिहून घ्या. पृथ्वीचा आस कललेला असल्यामुळे दिवस लहानमोठा होतो.”

“आस म्हंजे काय?” मागून कुणीतरी विचारलं.

“पाठ करा.”

असं वर्षभर चाललं. घंटा अकराला. होड्या लागोत नाहीतर बुडोत, घंटा अकराला. जे पोरगं होडीकडे पळालं ते दुसऱ्या दिवशी उभं. प्रश्न, उत्तर, प्रश्न, उत्तर, आम्ही एका सुरात ओरडायचो आणि गुरुजी फक्त म्हणायचे, “पुढं.” एकदा मी सवयीनं उठले, “बघून येऊ?” म्हटलं. गुरुजींनी माझ्याकडे असं बघितलं की मी अजून विसरले नाही. रागानं नव्हे. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, “नको गो. बस खाली.”

आणि ती थंडीतली संध्याकाळ! जादा तास चालू होता. बाजारातून परत येताना हिरा रिकामी टोपली घेऊन खिडकीशी थांबली. तिचं लग्न ठरलेलं, मुरुडकडचं. ती खिडकीतून आत बघून म्हणाली, “गुरुजी, सूर्य डाव्या टोकाला पोचला. गेल्या साली पन हितंच व्हता. आता मागं फिरंल बघा!”

म्हणजे ती एकटीच बघत होती. वर्षभर, टोपली डोक्यावर घेऊन, कुठेही खूण न करता, बघत होती.

गुरुजी फळ्याकडे तोंड करून उभे होते. ते वळलेच नाहीत. हातातला खडू तसाच फळ्यावर टेकलेला. मला वाटलं आता म्हणतील, चला, उठा सगळे, बघून या. गुरुजी म्हणाले, “दिवस लहानमोठा का होतो? एका सुरात.”

आम्ही ओरडलो. पृथ्वीचा आस कललेला असल्यामुळे. हिरानं पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, “असं व्हय,” आणि गेली.

आम्ही सगळे पास झालो. सगळे! कोळीवाड्यात गूळ वाटला, होड्यांच्या मालकांनी, नाखवांनी गुरुजींना नारळ दिला, सातवी वाचली. गुरुजींनी नारळ घेतला आणि ओटीवर ठेवून दिला. कितीतरी दिवस तो तिथंच पडलेला होता. त्यानंतर दरवर्षी निकाल चांगला लागायचा आणि लोक म्हणायचे, मास्तर आता खरे अनुभवी झाले.

मी पुढे शिकले, ट्रेनिंग केलं, अलिबागकडच्या एका शाळेत मला नोकरी लागली. पगार झाल्यावर पेढे घेऊन उरणला गेले, गुरुजींना भेटायला. ते रिटायर होऊन घरी आलेले, आजारी होते. मिठागरांच्या कडेला घर, खाटेवर पडलेले, हात अगदी काटकुळे झालेले. मी पाया पडले आणि बडबड बडबड बडबडले, माझा वर्ग, माझी मुलं, माझा फळा. ते ऐकत होते. मग चष्मा कपाळावर ढकलला! मला एवढा आनंद झाला की काय सांगू, किती वर्षांनी ते बघत होते मी.

“काय गो बाय,” ते म्हणाले, “ओहोटीला पाणी कुठं जातं?”

आणि मी ताठ बसून सांगितलं, “चंद्र आणि सूर्य यांच्या आकर्षणामुळे समुद्राच्या पाण्याची पातळी ठरावीक वेळाने वाढते व कमी होते, त्यास अनुक्रमे भरती व ओहोटी असे म्हणतात.”

आतून काकू म्हणाल्या, “बघा बघा, पोर कशी घडाघडा बोलली!”

गुरुजींनी मग चष्मा खाली ओढला.

“बरोबर,” म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

त्याच पावसाळ्यात ते गेले.

परवा मी ठरवलं, बास. माझी शाळा समुद्राला लागून आहे, मागच्या भिंतीपलीकडे वाळूच. मी पुस्तक मिटलं आणि वर्गाला विचारलं, “ओहोटीला पाणी कुठं जातं? जा, बघून या सगळे.” मुलं एकमेकांकडे बघायला लागली. मग रांग करून गेली, रांग करून आली, पाय वाळूनं भरलेले. जागेवर बसली, हाताची घडी घातली. मी वाट बघत होते. कुणीतरी म्हणेल, मुंबईला जातं, कुठंही जातं, काहीतरी म्हणेल.

पहिल्या बाकावरच्या मुलीनं पाटी पुढे ओढली, पेन्सिल हातात धरली आणि म्हणाली, “बाई, बघितलं. आता उत्तर सांगा ना, लिहून घेतो.”